जनावरं हलली की माणसं हलतात

वाचकांचे प्रश्न, निवृत्त तलाठ्याची उत्तरं

मृग जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. सात-बाराच्या नोंदी आणि बांधावरची भांडणं मागे पडतात, पाण्याचे प्रश्न पुढे येतात. माझी नोकरी बहुतेक नदीकाठच्या गावांत झाली, त्यामुळे ही पत्रं मी आधी उघडतो.

प्रश्न : मी पंचगंगाकाठच्या एका गावची सरपंच आहे, पहिलीच वेळ. आमचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. चाळून पाहिला तर समित्यांची नावं, फोन नंबर आणि ‘शाळेच्या दोन खोल्यांत निवारा’ एवढंच. 2019 आणि 2021 ला निम्म्याहून जास्त गाव पाण्यात होतं. यंदा खरोखर उपयोगी पडेल असं काय करू?

उत्तर : ताई, तुमचा आराखडा मी पाहिलेला नाही, पण ओळखतो. मागच्या वर्षीच्या कागदावर नवं साल घालून तो पुढे सरकतो. त्यातले निम्मे फोन लागत नाहीत आणि एखादा सदस्य हयातही नसतो. एका दुपारी बसून सगळे नंबर स्वतः लावून बघा. ग्रामसेवकावर ढकलू नका, त्याच्याकडे अशा दहा फायली असतात.

मग फुटांचं काम घ्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. पावसाळ्यात हे आकडे मोबाइलवर येत राहतात, टपरीवर त्यांची चर्चा होते, आणि तरी माणूस घरातून हलत नाही. 43 फुटाला पाणी माझ्या उंबऱ्यापासून किती लांब असेल, हे त्या आकड्यावरून त्याला कळतच नाही. ते तुम्ही लिहून काढा. दोन्ही महापुरांत गावात मागे राहिलेली माणसं एकत्र बसवा. पोरांच्या मोबाइलमधले तेव्हाचे फोटो काढायला लावा, फोटोवर तारीख-वेळ असते. त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट होतं ते जुन्या बातम्यांवरून ताडून बघा. मग यादी तयार होते: 41 ला मळीतला ऊस, 43 ला स्मशानशेड, 45 ला वेशीजवळचा रस्ता, 47 ला खालची गल्ली. (हे आकडे नमुन्याचे, तुमचे वेगळे निघतील.) ही यादी फायलीत ठेवू नका. ऑइलपेंट घ्या आणि शाळेच्या भिंतीवर, दूध संस्थेच्या दारावर रंगवा.

यात दोन गोष्टी सांभाळा. 2019 ला कित्येक घरं 2005 च्या पुराच्या खुणेवर विसंबून बसली. ‘तवा पायरीला लागलं न्हवतं, आत्ता कशाला लागतंय?’ पण 2019 ला बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि 2021 ला 56 च्याही वर. त्यामुळे शेवटच्या खुणेवर दोन-तीन फूट चढवूनच हिशेब करा. दुसरं, घराच्या आधी रस्ता बुडतो. अंगण कोरडं असतं, पण नदीच्या फुगवट्यानं ओढा भरला की गाव बेट होतं. म्हणून बाहेर पडायची वेळ उंबऱ्यावरून ठरवू नका, रस्त्याच्या सगळ्यांत सखल जागेवरून ठरवा.

आता खरं दुखणं. शाळेच्या दोन खोल्यांत माणसं मावतील, पण दोन म्हशी, एक गाभण गाय आणि चार शेळ्या कुठं? आराखड्यात याचं उत्तर नसतं आणि लोक याच्यासाठीच अडून बसतात. म्हशीपायी घरधनी मागे राहतो, त्याच्यासाठी बायको राहते, मग सासू ‘मी एकटी कशाला जाऊ’ म्हणते. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोटीनं काढायची पाळी येते. बोटीत माणूस बसतो, म्हैस बसत नाही. माझ्या उभ्या नोकरीत मी हेच पाहिलं: गोठा रिकामा झाला की घर तासाभरात रिकामं होतं. तेव्हा जनावरांचा बंदोबस्त आधी, माणसांचा आपोआप होतो.

मे महिन्यातच माळावरच्या एखाद्या गावाशी बोला. तोंडी नको, दोन्ही ग्रामपंचायतींचा ठराव करून घ्या. मोकळं पटांगण, पाण्याची टाकी आणि डोक्यावर पत्रा, एवढं मिळालं तरी पुरे. वाहतुकीला ट्रॅक्टर-ट्रॉल्या गावातच असतात. कोणाची ट्रॉली कोणत्या गल्लीला, हे आधी ठरवा आणि डिझेलचे पैसे कोण देणार तेही ठरवा, नाहीतर ऐन वेळी त्याच्यावरूनच भांडण होतं. वैरणीचं म्हणाल तर कडबा भिजला की गेला. मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बंद पिशव्या टिकतात, वर न्यायलाही सोप्या. किमान आठवडाभराचं धरा, शिरोळकडच्या गावांत पाणी तितकं सहज मुक्काम करतं. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे का पाहा, पुढे भरपाईच्या कागदाला तोच लागतो. पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा नंबरही भिंतीवर लिहा. आणि काहीच जमलं नाही तर दावं सोडा. बांधलेलं जनावर गव्हाणीतच मरतं, मोकळं जनावर उंचवटा शोधतं.

राहिलं पिण्याचं पाणी. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, असं होतंच, कारण गावाला पाणी उपसायची विहीर (जॅकवेल) नदीत आणि मोटारी बुडालेल्या. टाक्या आणि बॅरल आधी भरून झाकून ठेवा, पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या आरोग्य केंद्रातून आधीच आणा. निवाऱ्यातल्या बायकांसाठी आडोसा, दिवा आणि पॅडची पाकिटं हे तुम्ही बाई असल्यामुळे विसरणार नाही. आमच्या वेळच्या बैठकांत हा विषय कुणी काढत नसे.

प्रश्न : आमच्या मंडळाकडे वर्गणीचे पैसे शिल्लक आहेत. या वर्षी गणपतीचा देखावा न करता गावासाठी बोट घ्यावी असं पोरांचं म्हणणं आहे. काही वडीलधारे म्हणतात, काहील आहे की! तुमचं मत?

उत्तर : देखावा रद्द करणाऱ्या मंडळाला आधी माझा रामराम. काहिलीचं मात्र कौतुक पुरे. गुऱ्हाळावरची ती कढई ओढ्याच्या संथ पाण्यात तरंगते, आमच्याकडच्या पिढ्यांनी तिच्यातून ये-जा केली हेही खरं. पण धारेला लागली की ती गरगर फिरते आणि तिला वळवायला काही नसतं.

बोटीबद्दल बोलायचं तर 8 ऑगस्ट 2019 आठवा. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावातली माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि सतरा जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. गाव बुडत असताना काठावर उभ्या असलेल्या बाईला ‘तू पुढच्या खेपेला’ म्हणणं फार अवघड असतं. म्हणून नकार द्यायचा अधिकार एकाच माणसाला द्या, आणि तो शक्यतो गावातला नातेवाईक नसावा. बोटीच्या दोन्ही बाजूंना ‘दहा माणसं’ किंवा जी क्षमता असेल ती ठळक रंगवा. त्या आकड्यात चालवणारा धरायचा. जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट, त्यात पोरांच्या मापाची वेगळी. मोठ्याचं जॅकेट लहान पोराच्या अंगातून वर निसटतं. पैसे कमी पडत असतील तर छोटी बोट घ्या, जॅकेटं मात्र पूर्ण घ्या.

इंजिन वर्षभर गोदामात पडून राहिलं तर पुरात दोरी ओढून हात दुखतात, ते चालू होत नाही. दर महिन्याला ते चालवून बघायचं काम नाव घालून एकाला द्या. तुमच्यापैकी चार-पाच पोरांनी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे ‘आपदा मित्र’ या, स्वयंसेवकांना बचावकार्य शिकवणाऱ्या सरकारी प्रशिक्षणाची चौकशी करावी. पुरात पोहता येतं म्हणून उडी मारणारे मी पाहिलेत. पुराच्या पाण्यात तारा, काटेरी फांद्या, उसाच्या मोळ्या, सगळं असतं. आधी दोर फेकायला शिका.

प्रश्न : आई 82 वर्षांची आहे, कमरेखाली हालचाल नाही. वारणाकाठचं गाव. ती म्हणते, ‘मी घर सोडणार नाही, काय व्हायचं ते होऊ दे.’ मी नोकरीला पुण्यात. काय करावं?

उत्तर : पुरात न्यायचंच नाही, आधी न्यायचं. पाणी इशारा पातळीच्या जवळपास आलं की पुढच्या दिवसाची वाट न बघता. पण त्याहून सोपं म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट सरेपर्यंत त्यांना माळावरच्या लेकी-सुनेकडे ठेवा, ‘चार दिवस पाहुणचाराला’ म्हणून. पुराचं नाव काढलं की म्हातारी माणसं हट्टाला पेटतात, पाहुणचाराला नाही म्हणत नाहीत. खरं तर अशा नकारामागे बऱ्याचदा भांडी आणि कपाटाची काळजी असते. तांब्या-पितळेची भांडी त्यांच्यादेखत माळ्यावर चढवा, दागिने त्यांच्याच पिशवीत द्या.

शेजारच्या दोन तरुणांना खाटेसकट कसं उचलायचं ते एकदा करून दाखवायला सांगा. जिन्यातून, दारातून खाट निघते का, हे तेव्हाच कळतं. गोळ्या महिनाभराच्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधारकार्डाची झेरॉक्स एका प्लॅस्टिक पिशवीत. रुग्णवाहिकेला 108, जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077. तुम्ही पुण्याहून निघालात तर महामार्ग शिरोलीजवळ बंद होतो हे लक्षात ठेवा. 2019 आणि 2021, दोन्ही वेळी झाला. म्हणजे तुमच्या पोचण्यावर बेत आखू नका.

प्रश्न : आमची वाडी महाडच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. पुराचा प्रश्न नाही. घरामागच्या उतारावर बोटभर भेग दिसते. घाबरायचं का?

उत्तर : हो. 2014 ला माळीण, 2021 ला तळिये, 2023 ला इर्शाळवाडी, तिन्ही जुलैत दरडीखाली गेल्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि त्यांच्यातलं अंतर टेपनं मोजून तारखेसह लिहा. अंतर वाढतंय, झाडं कलताहेत, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय किंवा थांबलंय, यातलं एकही दिसलं तर पाऊस असेपर्यंत वाडीनं रात्री तिथं झोपायचं नाही. तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन भूवैज्ञानिक पाहणी मागा आणि पोच घ्या. ती होईपर्यंत भेगेत पाणी मुरू नये म्हणून वरून येणारा ओघळ चर काढून बाजूला वळवा, हे भर पावसात नाही, आत्ताच.

प्रश्न : आम्ही मुंबईतली सोसायटी. पूर आला तर कपडे गोळा करून पाठवायचा विचार आहे.

उत्तर : जुने कपडे पाठवू नका. 2019 ला त्यांचे ढीग रस्त्याकडेला सडले आणि ते उचलायला पुन्हा माणसं लागली. एखाद्या गावच्या सरपंचाचा किंवा दूध संस्थेच्या सचिवाचा फोन आत्ताच घेऊन ठेवा आणि तेव्हा विचारा काय हवंय. पहिल्या आठवड्यात बहुधा वैरण सांगतील, पाणी ओसरल्यावर फावडी, गमबूट आणि ब्लीचिंग पावडर.