जुन्या कारखान्याच्या जागेवरचं घर: बुकिंग आत्ता की नंतर?

प्रश्न: रंगाच्या बंद कारखान्याच्या जागेवर खाली दुकानं, वर घरं असा प्रकल्प होणार आहे. घराची किंमत आमच्या पाच वर्षांच्या उत्पन्नाएवढी. आत्ता बुकिंग केलं तर ६ टक्के सवलत. महिन्याचं उत्पन्न १०० धरलं तर भाडं २२, कर्जाचा पूर्ण हप्ता ३८. करावं का?

उत्तर: आत्ता नको. जमिनीत मुरलेल्या रसायनांची सफाई पूर्ण होऊन तिचा दाखला मिळेपर्यंत थांबा.

तुमच्याच मापाने किंमत ६०००, सवलत ३६०. स्वतःचे १२०० भरले आणि कर्जातले २४०० उचलले गेले, तर ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १६८. ठेवीवर ६ टक्के मिळाले असते, ते बुडालेले ७२. वर्षाला २४० गेले, म्हणजे दीड वर्षात सवलत संपली. पूर्ण हप्ता ताब्याआधीच सुरू झाला, तर भाड्यासह महिन्याला ६० जातील. हे झेपणारं नाही.

अशा जागेवर दीड वर्ष सहज जातं. रंगाच्या कारखान्याखाली शिसं, क्रोमेट (क्रोमियमची विषारी संयुगं), टोल्यूइन-झायलीनसारखी रंग पातळ करणारी द्रावकं सापडू शकतात. खोदताना नकाशात नसलेली जुनी टाकी लागली की काम थांबतं, माती-पाण्याचे नमुने पुन्हा घ्यावे लागतात. म्हणून नुसत्या कागदोपत्री इतिहासाच्या अहवालावर भागवू नका. बोअर घेऊन माती, भूजल आणि मातीतली वाफ तपासल्याचा अहवाल मागा. द्रावकांची वाफ जमिनीच्या भेगांतून घरात शिरते. खाली हवेशीर पार्किंग असेल तर धोका बराच कमी होतो.

दूषित माती उचलून नेली की जागेवरच झाकली, हे नक्की विचारा. झाकली असेल तर खोदकामावर, बोअरच्या पाण्यावर कायमची बंधनं येऊ शकतात. वाफ ओढणारे पंखे बसवले असतील, तर ते वर्षानुवर्षं चालवण्याचा खर्च रहिवाशांच्याच माथी येतो.

करारातलं जबाबदारीचं कलम वकिलाकडून वाचून घ्या. अमेरिकेत लव्ह कॅनॉलची रसायनं पुरलेली जमीन १९५३ मध्ये शाळा मंडळाला १ डॉलरला दिली गेली. पुढच्या नुकसानीची जबाबदारी आपली नाही, असं रसायनं पुरणाऱ्या कंपनीने खरेदीखतातच लिहून घेतलं होतं. १९७८ मध्ये तिथल्या कुटुंबांना घरं सोडावी लागली.

दुकानांचं वीजमीटर, लिफ्ट, कचरा आणि देखभालीचा हिशेब घरांपासून वेगळा हवा. गाळे रिकामे राहिले तर त्यांचा वाटा कोण भरणार, हेही लेखी घ्या.

तरीही हीच जागा हवी असेल, तर परत मिळणारी छोटी रक्कम भरा आणि बिल्डरला द्यायचा पुढचा प्रत्येक हप्ता सफाईच्या दाखल्यानंतरच देय होईल, अशी अट करारात घाला.