रियाजाचा क्रम कसा असावा?

प्रश्न : मी तबला शिकते आहे. तीन नवे कायदे (तबल्यावर विस्तारून वाजवायच्या ठरावीक बोलरचना) एकामागून एक पक्के करावेत, की एकाच बैठकीत आलटून पालटून वाजवावेत?

उत्तर : डग्ग्यावरचा डावा हात आणि उजवा हात यांनी वेगवेगळी कामे करणे मुळातच अवघड असते. हालचालींचे अभ्यासक केल्सो यांच्या 1980च्या दशकातील प्रयोगांत दोन तर्जन्या उलटसुलट हलवणाऱ्या व्यक्तींच्या हालचाली वेग वाढताच आपोआप एकसारख्या होत असल्याचे दिसले. म्हणून प्रत्येक कायद्याचे बोल आणि हातांची ठेवण जमेपर्यंत तो संथ लयीत सलग वाजवणे योग्यच आहे.

त्यानंतर मात्र मी आलटून पालटून वाजवण्याचा आग्रह धरेन. शे आणि मॉर्गन या संशोधकांच्या 1979च्या प्रयोगात हाताने लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे होते. तेव्हा एकेक क्रम सलग गिरवणारे सरावाच्या वेळी पुढे होते, पण 10 मिनिटांनी आणि पुन्हा 10 दिवसांनी घेतलेल्या चाचण्यांत मिश्र सराव करणारे सरस ठरले. याचे एक स्पष्टीकरण असे की, प्रत्येक बदलाबरोबर मेंदूला त्या हालचालीची जुळणी नव्याने करावी लागते. या पद्धतीत बैठकीत चुका अधिक होतील आणि प्रगती खुंटल्यासारखी वाटेल, तरी कृपया त्यामुळे खचू नका. प्रगतीची पारख दुसऱ्या दिवशी, हात गरम होण्याआधीच्या पहिल्या आवर्तनांवरून करा.