पुरातली शिदोरी: रेशन बार कोणता घ्यावा, कुठे ठेवावा?

प्रश्न: 'इमर्जन्सी फूड बार' म्हणून ऑनलाइन काहीही विकायला असतं. जिमवाल्यांच्या प्रोटीन बारपेक्षा यात वेगळं काय? चौघांच्या घराला किती लागतील? (समा, बडोदा)

उत्तर: खरा रेशन बार जहाजावरच्या लाइफबोटीतला. तिथे माणशी किमान १०,००० किलोज्यूल, म्हणजे साधारण २,४०० कॅलरींचं अन्न ठेवावंच लागतं. म्हणून बरेच पुडे नेमके तेवढ्याचे असतात, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. मोठ्या पुड्यात ३,६०० कॅलरी असतात. त्यात ४०० कॅलरींच्या ९ वड्या, रोज ३ प्रमाणे एका माणसाला तीन दिवस. चौघांना असे ४ पुडे घ्या. मात्र दिवसाला १,२०० कॅलरी ही बसून राहणाऱ्याची सोय झाली. घरातला गाळ उपसणाऱ्याचं त्यावर भागणार नाही.

घटक साधे: गव्हाचं पीठ, वनस्पती तेल, साखर. मीठ आणि प्रथिनं मुद्दाम कमी ठेवलेली असतात, कारण त्यांचा निचरा करायला मूत्रपिंडाला जास्त पाणी लागतं. प्रोटीन बारचं नेमकं उलटं, शिवाय वरचं चॉकलेट आपल्या मे महिन्यात वितळणार. तहान कमी लागते म्हणून पाण्यात काटकसर नको. माणशी रोज ३ लिटर वेगळं भरून ठेवा.

घेताना एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, हिरवा ठिपका आणि आयात माल असेल तर आयातदाराचा पत्ता बघा. 'पाच वर्षं टिकतो' हे उत्पादनाच्या तारखेपासून धरायचं, खरेदीपासून नव्हे. पुडा विटेसारखा घट्ट हवा. वेष्टन सैल होऊन हाताखाली सरकत असेल, तर हवा आत गेली आहे; तो परत करा.

प्रश्न: तळमजल्यावर विश्वामित्रीचं पाणी शिरतं, म्हणून पुडे माळ्यावर ठेवले होते. मुदत संपायला दोन वर्षं असताना खवट निघाले. असं का? (कारेलीबाग, बडोदा)

उत्तर: पाण्यापासून वाचवले, पण उन्हाला दिले. उन्हाळ्यात तापलेल्या स्लॅबखालचा माळा खोलीपेक्षा बराच गरम असतो, आणि दर दहा अंशांनी तेल खवट होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. बार कडक ऊन सोसतो असं पुड्यावर छापलेलं असतं, ते थोड्या काळापुरतं. वर्षानुवर्षं उन्हाळे काढायची ती हमी नाही. गाडीच्या डिकीचंही तेच.

आतल्या खोलीतलं, पश्चिमेच्या भिंतीला न लागणारं कपाट निवडा, त्यातला पाण्याच्या पातळीच्या वरचा कप्पा. तेवढी उंची घरात नसेल, तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. फ्रिजची गरज नाही. पुडे झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, उंदरांपासून वाचतील. डब्यात डांबराच्या गोळ्या नकोत, वर जड सामान नको. फॉइलला टाचणीएवढी भोकं पडतात ती घडीच्या कोपऱ्यांवरच. दिवाळीच्या साफसफाईत आणि जूनच्या आरंभी पुडे दाबून बघा. सैल झालेला वेळीच खाऊन संपवा. फुगलेला किंवा जुन्या तेलाचा वास येणारा टाका. पुराच्या पाण्यात बुडालेला तर वरून धड दिसला तरी टाकायचा.

प्रश्न: त्यापेक्षा सुखडी करून ठेवली तर? (रावपुरा, बडोदा)

उत्तर: पावसाळ्यापुरती उत्तम. फूड पॅकेटांत सुखडी घालतात ते उगाच नाही. ५०० ग्रॅम कणीक २५० ग्रॅम तुपात मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा. गॅस बंद करून दोन मिनिटांनी २५० ग्रॅम किसलेला गूळ मिसळा आणि थापा. गूळ आचेवर राहिला की वड्या दगड होतात. किलोभर सुखडीत सुमारे ४,९०० कॅलरी, म्हणजे वजनाच्या मानाने बारच्या तोडीस तोड. फक्त ती टिकते दोन-तीन आठवडे, तेही पाणी-दूध न घालता आणि कोरड्या डब्यात. तेव्हा जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला नवी करा, जुनी नाश्त्याला संपवा.

प्रश्न: आईंना मधुमेह आहे. बार चालेल का? (सयाजीगंज, बडोदा)

उत्तर: त्यात साखर भरपूर असते, दिला तर एका वेळी पाव वडी. त्यांच्यासाठी भाजलेले चणे वेगळे ठेवा. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन पोटात काही नसणं जास्त घातक. जेवण चुकलं तर डोस किती घ्यायचा, हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून आणा आणि तो कागद पुड्यांच्याच डब्यात ठेवा.