वाचक विचारतात : क्लॅम्प आवळूनही जोड उघडला

प्रश्न : मी हौशी सुतारकाम करतो. गेल्या जुलैत सागवानाच्या पाच फळ्या जोडून जेवणाच्या टेबलाचा सहा बाय तीन फुटांचा टॉप केला. फेविकॉल सढळ हाताने लावला, चार पाइप क्लॅम्प खालच्या बाजूने लावून जीव खाऊन आवळले. जानेवारीत दोन जोड टोकांकडून उघडले. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे, मध्ये मात्र जोड पक्का. क्लॅम्पचा लोखंडी पाइप टेकला होता तिथे काळे डागही पडलेत. गोंद कमी पडला की क्लॅम्प? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दोन्ही नाही. रंधा कमी पडला, आणि त्यात चिपळूणचा जुलै.

फळ्यांच्या कडा मुळात नीट बसत नसाव्यात, म्हणून तर जीव खावा लागला. फट क्लॅम्पने मिटवली की फळी वाकून बसते आणि क्लॅम्प काढल्यावर तो ताण जन्मभर एकट्या गोंदावर येतो. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड थंडीत वाळतं, तेही आधी टोकांकडून, कारण माथ्यातून, म्हणजे फळीच्या आडव्या कापलेल्या टोकातून, ओल कितीतरी लवकर उडते. सागाच्या तीन फूट रुंदीत ओलाव्याचा चार टक्के फरक पडला तर फळी कशी चिरली आहे त्यानुसार 3 ते 7 मिलिमीटर कमीजास्त होतं. टॉप खालच्या पट्ट्यांना स्क्रूने घट्ट जखडला असेल तर जोड उघडण्याशिवाय त्याला दुसरा मार्गच नाही. स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा, टॉपला सरकू द्या.

गोंद लावण्याआधी एक फळी बाकाच्या शिकंज्यात कड वर करून धरा, जोडीची फळी तिच्यावर उभी ठेवा आणि वरच्या फळीचं टोक बोटाने हलकेच ढकला. मधल्या बिंदूवर ती भिंगरीसारखी फिरली तर कडेला पोट आहे, रंधा मारायलाच हवा. दोन्ही टोकांना घासत अडखळली तर उत्तम. मध्ये कागदाएवढी पोकळी असलेली मी मुद्दाम ठेवतो. एका क्लॅम्पने हाताच्या साध्या जोरात ती मिटली पाहिजे आणि टोकं चेपून बसली पाहिजेत. मग पलीकडे दिवा धरून उजेड येतो का पाहा. हे सगळं कोरडंच. फेविकॉल लावल्यावर विचार करायला दहा मिनिटंही मिळत नाहीत, मे महिन्यात पंख्याखाली तर त्याहून कमी.

साग तेलकट. आठवड्यापूर्वी रंधलेल्या कडेवर गोंद धरेलच असं नाही, त्याच दिवशी ताजा हात मारा किंवा ॲसिटोनने पुसून घ्या. (विडी लांब ठेवा.) गोंद दोन्ही कडांना पातळ. आवळल्यावर जोडाच्या सबंध लांबीवर बारीक थेंब फुटले की थांबायचं. ते ओल्या फडक्याने फासू नका, पॉलिशला डाग दिसतात. रबरासारखे झाले की पटाशीने उचला.

क्लॅम्प एक खाली, एक वर असे आलटून पालटून लावा. सगळे एकाच बाजूला लावले की टॉपला बाक येतो. काळे डाग लोखंड, ओला गोंद आणि सागातलं टॅनिन यांचे आहेत. पाइपखाली सनमायकाचा तुकडा किंवा प्लास्टिक घातलं असतं तर पडले नसते. आता ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने जातील. ते विषारी आहे, हातमोजे घाला. पावसाळ्यात क्लॅम्प चोवीस तास राहू द्या, आणि काढल्या काढल्या टॉप रंधू नका. गोंदाच्या पाण्याने जोडाची कड फुगलेली असते. ती सपाट केलीत की महिन्याभरात तिथे खळी दिसते.

फटीत भुसा-फेविकॉल भरण्याच्या भानगडीत पडू नका. वाळलेल्या गोंदावर नवा धरत नाही. ते दोन जोड करवतीने सरळ उभे चिरा, रंधा मारा, उन्हाळ्यात पुन्हा जोडा. टॉप अर्धा इंच अरुंद होईल, होऊ द्या.

प्रश्न : कपाटाच्या दाराची चौकट क्लॅम्प आवळला की गुण्यात (काटकोनात) राहत नाही. काय करावं? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : क्लॅम्प आडव्या पट्टीला समांतर नसणार. दोन्ही कर्ण टेपने मोजा. जो लांब असेल त्या दिशेला क्लॅम्प किंचित तिरका करून आवळा, कर्ण सारखे होईपर्यंत. गोंद ओला आहे तोवरच हे जमतं.