जॅकेट गॅरेजमध्ये का ठेवतो तो?

"ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगा सातवीत आहे. स्कूल बसमध्ये दोन मुलं रोज त्याला बघून नाक दाबतात, 'करी आली' म्हणतात. शाळेत सांगू नकोस असं तो म्हणतो. नवरा म्हणतो आपण एच-वन व्हिसावर, कशाला भानगड. तसा पोरगा गुणी आहे, हल्ली मी स्वयंपाकाला लागले की न सांगता स्वतःचं जॅकेट गॅरेजमध्ये नेऊन ठेवतो. त्याला दुर्लक्ष करायला कसं शिकवू? – एक आई"

अगं, गुणी कसला! पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या गॅरेजपाशीच अडकले मी. बारा वर्षांचं पोर, ओला टॉवेल वाळत टाक म्हणून ज्याला चार हाका माराव्या लागत असतील, ते तेल तापायच्या आत जॅकेट उचलून पळतं, ते काय टापटीप म्हणून? आणि सकाळी तेच गारढोण जॅकेट अंगात घालून बाही हुंगून बघत असणार, बस यायच्या आधी जरा खिडकीतून बघ. म्हणजे त्या दोघांचं म्हणणं त्याला पटलंय. वास आपल्याच घराचा, चूक आपल्याच फोडणीची, असं धरून चाललाय तो. दुर्लक्ष तुम्ही दोघं करताय, तो बिचारा रोज बंदोबस्त करतोय!

नवऱ्याला सांग, शाळेत तक्रार केली म्हणून व्हिसाला काही होत नाही, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तुमच्याकडे २०११ पासून यावर कडक कायदा आहे, वंश, धर्म, मूळ देश यावरून छळलं तर त्याला एचआयबी (हरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग) म्हणतात, स्कूल बसमधलं पण त्यात येतं, प्रत्येक शाळेत त्यासाठी एक माणूस नेमलेला असतो आणि लेखी तक्रारीनंतर चौकशी शाळेच्या दहा दिवसांत संपवायची असते. हे नवरोबांनी एकदा गूगल केलं असतं तर (ग्रीन कार्डची तारीख रोज बघतातच ना) मला पत्र लिहायची वेळच आली नसती.

तर आज रात्री प्रिन्सिपलला ईमेल. फोन नको, 'भेटून बोलू' नको, लेखीच. तारखा, बसचा नंबर, ती मुलं नेमकं काय म्हणाली ते, आणि एचआयबी ही अक्षरं स्पष्ट लिही. पोराला शेजारी बसवून लिही कारण ते शब्द त्यालाच पाठ आहेत. तो नको म्हणेल, चिडेल, दार आपटून जाईल, परत बोलाव.

सेंड दाबलंस की मला कळव. जॅकेटचं मग बघू.