औषधाने पुरळ: आधी कोणता कोड?

प्रश्न: पेशंटने सांगितलेल्या डोसनेच अमॉक्सिसिलिन घेतलं आणि पाचव्या दिवशी अंगभर पुरळ उठलं. डॉक्टरांनी ते औषधामुळेच असल्याचं लिहिलं आहे. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोडयादीनुसार मी टी३६.०एक्स५ए (औषधाचा कोड) आधी आणि एल२७.० (औषधाने अंगभर उठलेल्या पुरळाचा कोड) नंतर लावलं. ऑडिटमध्ये चूक निघाली. का?

उत्तर: कोड दोन्ही बरोबर आहेत, क्रम उलटा झाला. औषध योग्य, डोसही योग्य, तरी त्रास झाला तर तो ॲडव्हर्स इफेक्ट. तिथे त्रास आधी, औषध मागून: एल२७.०, मग टी३६.०एक्स५ए. चुकून दुप्पट गोळ्या घेतल्या असत्या तर ते पॉयझनिंग ठरलं असतं आणि टी३६.०एक्स१ए पहिल्या जागी गेला असता.

हा टी-कोड एकदा सुटा करून बघा. टी३६.० म्हणजे पेनिसिलिन गट. ‘एक्स’ नुसता जागा भरतो, पण तो गाळलात तर कोड अवैध होतो. ५ म्हणजे ॲडव्हर्स इफेक्ट. शेवटच्या ‘ए’वर सगळ्यात जास्त लोक अडखळतात: तो पहिल्या भेटीचा नव्हे, सक्रिय उपचारांचा आहे. पुरळावर उपचार चालू आहेत तोवर दुसऱ्या डॉक्टरांकडेही ‘ए’च. बरं होत आल्यावरच्या तपासणीला ‘डी’.

पुरळ एकाच जागी असेल तर एल२७.१. गांधी उठल्या आणि निदान ॲलर्जिक अर्टिकेरिया असेल तर एल५०.०. मलम लावून त्वचा बिघडली असेल तर एल२७ कडे जाऊच नका, तो पोटात किंवा इंजेक्शनने गेलेल्या औषधांसाठी आहे. मलमाच्या ॲलर्जीला एल२३.३, नुसत्या जळजळीच्या डर्मटायटिसला एल२४.४.

प्रश्न: चार्टमध्ये फक्त ‘अमॉक्सिसिलिन चालू असताना रॅश’ एवढंच असेल तर?

उत्तर: एल२७.० लावू नका. ‘चालू असताना’ने वेळ कळते, कारण नाही, आणि कारण जोडणं कोडरचं काम नव्हे. डॉक्टरांना क्वेरी पाठवा, पण ‘हे औषधामुळेच ना?’ असं विचारू नका. ‘रॅशचं कारण नोंदवावं’ एवढं पुरे. ओपीडीत ‘बहुधा औषधामुळे’ असं उत्तर आलं तर आर२१ (नुसतं पुरळ, कारण न जोडता) वरच थांबा. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जच्या नोंदीत ‘बहुधा’ असेल तर मात्र ते निदान पक्कं धरून कोड करता येतं.

झेड८८.० हा पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा पूर्वेतिहास सांगतो. आजच्या पुरळाच्या जागी तो टाकू नका.