प्लासेंटा म्हणजे नाळ की वार?

प्रश्न असा आहे की भाषांतरात प्लासेंटल इन्सफिशियन्सीला 'नाळेची अकार्यक्षमता' आणि फीटल प्रोग्रॅमिंगला 'गर्भसंस्कार' लिहिलं तर चालेल का. मला विचाराल तर दोन्ही नको.

नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीला जोडलेली दोरी, प्लासेंटा म्हणजे वार, बाळामागून पडते ती. पाठ्यपुस्तकात अपरा. बोलताना बरेच जण सगळ्यालाच नाळ म्हणतात, मातीशी नाळ वगैरे ऐकून तोच शब्द आधी तोंडात येतो, पण इथे फरक पडतो कारण नाळ फक्त ने-आण करते, काय आत सोडायचं ते वारेत ठरतं. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची, थाळीसारखी चपटी, आईचं नि बाळाचं रक्त तिच्यात अगदी जवळून वाहतं पण मिसळत नाही. आणि 'अकार्यक्षमता' म्हटलं की मला तरी एखादा कारकूनच दिसतो, सरळ 'वार कमी पडणे' लिहा ना.

शिवाय वार ही ग्रंथीपण आहे हे लोक विसरतात. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये सापडतं ते एचसीजी हार्मोन तिच्याच पेशींचं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन आधी बीजकोशातून येतं आणि साधारण 8 ते 10 आठवड्यांपासून ते काम वार उचलते. तिचं लॅक्टोजन नावाचं हार्मोन आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर कमी करायला हातभार लावतं म्हणजे साखर रक्तात राहते, बाळाला मिळते, पण आईचं इन्सुलिन पुरं पडलं नाही की गरोदरपणातला डायबेटिस. मग गंमत बघा, जास्तीची साखर वारेतून पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही, बाळ स्वतःचं भरपूर बनवतं आणि पोटात असताना इन्सुलिन हे वाढीचंच हार्मोन, म्हणून बाळ थोराड होतं. उलट वारेतलं एक एन्झाइम आईचं बरंचसं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, निष्क्रिय करून टाकतं, हे एन्झाइम कमी पडलं तर जास्त कॉर्टिसॉल बाळापर्यंत पोचतं आणि वाढ मंदावू शकते. त्यामुळे प्लासेंटल फंक्शनला नुसतं 'पोषण' लिहू नका.

आता गर्भसंस्कार. डेव्हिड बार्कर हे ब्रिटिश डॉक्टर-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशरमधल्या जुन्या नोंदींवरून दाखवलं की जन्मताना आणि वर्षाचे असताना वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते. मिळेल तेवढ्या पुरवठ्यात भागवायला शरीर जे बदल करून घेतं ते पुढे टिकतात, हाच फीटल प्रोग्रॅमिंगचा विचार. गर्भसंस्कार म्हटलं की मराठी माणसाला मंत्र, संगीत, आईने ठरवून करायच्या गोष्टी आठवतात, इथे कोणी मुद्दाम काही करत नाहीये, आणि वर दोष आईच्या माथी बसतो ते वेगळंच. मी 'गर्भातली जडणघडण' लिहीन.

आणि हो, ग्रोथ रिस्ट्रिक्शन म्हणजे 'कमी वजनाचं बाळ' नव्हे, काही बाळं आईबापांवर जाऊन मुळातच लहान चणीची असतात, तेव्हा तिथे 'वाढ खुंटणे'च हवं.